साक्ष आणि निकाल : मराठी ख्रिस्ती आत्मकथनाचा एक मागोवा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बखरी आणि सनावळ्या पाठ केल्या, त्याच शाळेच्या सभागृहात स्मृतिव्याख्यान देण्यासाठी उभे राहताना मनात अभिमानापेक्षा संकोचच अधिक आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले सर मला इतिहास शिकवीत. पुढे काही वर्षे मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच विषयाचे तास घेतले. आजचा विषयही एका अर्थाने त्यांनीच दिलेला आहे, आणि तो कसा दिला ते सांगूनच आरंभ करतो.

मी नववीत होतो. नाताळची सुटी संपून शाळा नुकतीच भरली होती. सर वर्गात आले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, ‘पावासाठी बाटलेले’ असे शब्द उच्चारले. वर्ग स्तब्ध झाला. सर रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “प्रश्न वाईट नाही, विचारण्याची रीत वाईट आहे. पण हा तास शिवकालाचा आहे आणि या तासाचे वेतन मी शिवकाल शिकवण्यासाठी घेतो. ज्यांना उत्तर हवे असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी घरी यावे. येताना आईवडिलांना विचारून यावे.” आणि ते फळ्याकडे वळले. त्या रविवारी आम्ही चौघे गेलो. तेथे काय ऐकले ते शेवटी सांगेन. मात्र त्या संध्याकाळपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आपल्या श्रद्धेची हकीकत दुसऱ्याला सांगणे, ज्याला ख्रिस्ती मंडळींत ‘साक्ष देणे’ म्हणतात, ते मराठी समाजात कसे घडले, त्याची किंमत कोणी मोजली, आणि ते केव्हा न्याय्य ठरते? आजचा हा अल्प प्रयत्न त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. साक्षी म्हणजे साक्षात पाहणारा, अशी या शब्दाची व्युत्पत्ती पाणिनीने दिली आहे. न्यायालयात साक्षीदाराला जे विचारतात ते त्याने स्वतः पाहिलेले वा ऐकलेले असावे लागते. ऐकीव गोष्ट, अनुमान किंवा कायद्याचा अर्थ हे त्याचे काम नव्हे. निकाल देणे हे तर मुळीच नव्हे. ते न्यायाधीशाकडे असते. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी ग्रीक मूळ शब्दासाठी ‘साक्ष’ हाच शब्द निवडला आणि तो चपखल बसला, कारण मूळ शब्दही न्यायालयातलाच होता. पुढे त्याच ग्रीक शब्दापासून युरोपीय भाषांत ‘हुतात्मा’ या अर्थाचा शब्द तयार झाला, एवढे जरी लक्षात घेतले तरी साक्षीची किंमत कोणत्या नाण्यात मोजली जात असे याची कल्पना येते. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौलाच्या परिवर्तनाची हकीकत तीन वेळा आली आहे : नवव्या, बाविसाव्या व सव्विसाव्या अध्यायांत. त्यांतील दोन वेळा पौल ती स्वतः सांगतो. एकदा खवळलेल्या जमावापुढे आणि एकदा बंदिवान म्हणून राजा अग्रिप्पापुढे.

मराठी मनाला ही गोष्ट अगदीच परकी नव्हती. नवविधा भक्तीतील अखेरची भक्ती आत्मनिवेदन हीच आहे. तुकोबांनी दुष्काळ, दिवाळे आणि घरातील मृत्यू यांतून आपण विठ्ठलाकडे कसे वळलो हे अभंगांतून सांगितले. सतराव्या शतकातच संत बहिणाबाईंनी आपल्या जन्माची, संसाराची आणि तुकोबांवरील श्रद्धेपायी सोसलेल्या छळाची कथा अभंगरूपाने लिहून ठेवली. तेव्हा अनुभवाच्या बळावर बोलण्याचा रिवाज आपल्याकडे होताच.

आश्चर्य असे की मराठीतील पहिल्या थोर ख्रिस्ती ग्रंथात हा ‘मी’ आढळत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. रोमन लिपीत छापलेला, परंतु मराठी भाषेत आणि ओवी छंदात रचलेला हा ग्रंथ आपल्या पुराणांच्या वळणावर चालतो. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा तो सांगतो. ती कथा ऐकून गोव्यातल्या एखाद्या स्त्रीच्या वा पुरुषाच्या जीवनात काय उलथापालथ झाली, हे मात्र त्यात नाही. ती राजसत्ता आणि धर्मसत्ता एकत्र नांदण्याची वेळ होती. धर्म बदलणाऱ्याला स्वतःचे असे काही म्हणण्याची मोकळीक कितपत असेल, हा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने केलाच पाहिजे. एकट्या माणसाची साक्ष ऐकू येण्यासाठी आणखी दोन शतके जावी लागली.

ती ऐकू आली तीही प्रथम खऱ्याखुऱ्या न्यायालयात. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हस्ते धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला. पारशी समाजात खळबळ उडाली आणि धनजीभाईंना हजर करण्याविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. मुलगा समजत्या वयाचा आहे, तेव्हा कोठे जावयाचे ते त्याने ठरवावे, असे न्यायालयाने मानले आणि धनजीभाई विल्सनसाहेबांबरोबर गेले. चार वर्षांनी, १८४३ साली, असाच प्रसंग मराठी ब्राह्मण घरात उद्भवला. नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्यांच्यामागोमाग मिशनरींकडे राहू लागला होता. श्रीपत अल्पवयीन आहे असे ठरवून न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरी परक्यांच्या घरी राहिला-जेवला म्हणून त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला.

श्रोतेहो, या दोन खटल्यांकडे आपण सहसा मिशनरी विरुद्ध समाज अशा दृष्टीने पाहतो. मला त्यांत दुसरे काही दिसते. दोन्ही वेळा न्यायालयापुढचा प्रश्न एकच होता : हे बोलणे या मुलाचे स्वतःचे आहे काय? वय काय, समज किती, कोणाच्या छपराखाली राहून तो बोलतो आहे? ख्रिस्ती धर्म खरा की खोटा, यात न्यायालय शिरले नाही. साक्ष कोणाची आहे एवढेच त्याने पाहिले. पुढे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म वा जात सोडल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क बुडणार नाही असे ठरवले. कायद्याने मालमत्ता राखली. आईच्या हातचे पान मात्र कोणताही कायदा राखू शकत नव्हता.

आता आपल्या गावाकडे येतो. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली याच बेळगावात, एका कासार कुटुंबात झाला. लंडन मिशनरी सोसायटीचे काम येथे त्यापूर्वीच सुरू झालेले होते आणि बाबांचे शिक्षण येथील मिशनच्या शाळेत झाले. पुढे ते मुंबईस गेले, एल्फिन्स्टन आणि नंतर फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले. त्या काळातील मुंबईच्या सुशिक्षित तरुणांत परमहंस सभा नावाची एक मंडळी गुप्तपणे भरत असे. १८४९ साली ती स्थापन झाली. जातिभेद मोडावा, एकच ईश्वर भजावा, असे तिचे विचार. सभासद होताना परजातीच्या माणसाच्या हातचा पाव खावयाचा, अशी तिची रीत होती. मात्र हे सारे बंद दाराआड. जगापुढे जातीचे नियम पाळावयाचे आणि सभेत मोडावयाचे. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही बाहेर फुटली असे म्हणतात, आणि त्या भीतीनेच सभा विस्कटली.

बाबा पदमनजी काही काळ या सभेत होते. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो घेतला याच बेळगावात, जेथे त्यांना लहानपणापासून ओळखणारी माणसे होती. परमहंस सभेचा पाव आणि बेळगावातील हा बाप्तिस्मा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सभासदांच्या विचारांत खोट होती असे मी म्हणत नाही. त्यांतले कित्येक पुढे मोठे सुधारक झाले. परंतु जे मत उघड सांगता येत नाही त्याचा साक्षीदार होता येत नाही. बाबांनी उघड सांगितले, आणि सांगण्याचे मोल दिले.

१८५७ साली त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःस्थितीवरील हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण शिकवतो. तिची नायिका ख्रिस्ती विचारांची आहे हे शिकवताना आपण बहुधा घाईने ओलांडतो. १८६३ साली त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. आणि १८८८ साली ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र निघाले. मराठीतील आरंभीच्या मुद्रित आत्मचरित्रांत त्याची गणना होते. या ग्रंथाचा विषयच मुळी ‘मी ख्रिस्ती कसा झालो’ हा आहे. लहानपणीचे देवधर्म, घरातील व्रतवैकल्ये, शाळा, वाचन, शंका, भीती आणि अखेर निर्णय, अशी त्याची वाटचाल आहे. आजच्या वाचकाला त्यातील हिंदुधर्मावरील टीका एकांगी वाटेल, आणि मलाही ती कित्येक ठिकाणी तशी वाटते. तेथे बाबा साक्षीदाराचा पिंजरा सोडून न्यायासनावर जाऊन बसतात. परंतु जेथे ते स्वतःच्या धास्तीविषयी, चालढकलीविषयी आणि घरच्यांच्या मायेविषयी लिहितात, तेथे एकोणिसाव्या शतकातील एका मराठी तरुणाचे मन आपल्याला प्रथमच आतून दिसते. मराठी गद्याला ‘मी’ म्हणून बोलावयास ज्या ग्रंथांनी शिकवले, त्यांत या साक्षीच्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. हे ऋण आपण बेळगावकरांनी तरी विसरू नये.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. वडिलांनी त्यांच्या आईला आणि आईने त्यांना संस्कृत शिकवले. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोनच वर्षांनी, १८८२ साली, पतीही गेले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात टीकेचे वादळ उठले. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’ या पुस्तिकेत रमाबाईंची बाजू घेतली.

रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीतून लिहिली. ती १९०७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक कबुली मला फार मोलाची वाटते. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी आपल्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. ज्या कृत्यासाठी सारा समाज त्यांच्यावर तुटून पडला होता, ते कृत्य अपुरे होते हे स्वतःच जगाला सांगावयाचे! विरोधकांच्या हाती असे शस्त्र कोणी सुखासुखी देत नाही. सांगणाराने स्वतःविरुद्ध जाणारी गोष्टही सांगितली म्हणजे त्याच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसतो, हा न्यायालयातला अनुभव येथेही खरा ठरतो. इंग्लंडमधील ख्रिस्ती भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातही त्या कोणाच्या ओंजळीने पाणी पिताना दिसत नाहीत. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता.

आता शिक्षकाच्या नात्याने मला जो भाग सर्वांत अवघड वाटतो तो सांगतो. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवा मुलींना शिक्षण आणि आसरा देणारी ही संस्था. तेथे धर्माची सक्ती होणार नाही, मुलींना आपापला आचार पाळता येईल, असे आश्वासन होते, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार म्हणून पाठीशी उभे होते. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत, पण दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

कोणाचे बरोबर? रमाबाईंचे म्हणणे, मी काही लपवले नाही. माझ्या घरात मी माझ्या देवाला आळवू नये काय? दार लावून प्रार्थना करणे म्हणजे पुन्हा परमहंस सभाच की! या म्हणण्यात सत्य आहे. पण सल्लागारांच्या चिंतेतही सत्य आहे. ज्या मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, जिचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण एकाच व्यक्तीच्या मायेवर अवलंबून आहे, ती मुलगी त्या उघड्या दारातून आत जाते तेव्हा तिचे पाऊल कितपत मोकळे असते? रानडे आणि भांडारकर हे काही प्रतिगामी नव्हते. १८४३ साली श्रीपतविषयी न्यायालयाने जो प्रश्न विचारला, तोच ते पन्नास वर्षांनी विचारत होते. या वादात मी बरीच वर्षे एका बाजूला होतो, मग दुसऱ्या बाजूला गेलो. आज मला वाटते की दोन्ही प्रश्न जिवंत ठेवणे हेच शाळेचे काम आहे. उघडेपणाशिवाय साक्ष नाही, आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा असल्याशिवायही साक्ष नाही.

तिसरी साक्ष एका दांपत्याची आहे. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली आगगाडीने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. तो गृहस्थ कोण हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. पुस्तक वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या वाटेने, असे ते पुढे सांगत. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गाइली जातात.

ही झाली टिळकांची बाजू. पण दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवली नसती तर आपण केवढ्या सत्याला मुकलो असतो! १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या या ग्रंथात टिळकांच्या बाप्तिस्म्याचा दिवस दुसऱ्या टोकाकडून दिसतो. पतीने धर्म बदलल्याची बातमी पत्नीवर कशी कोसळते, पदरात लहान मूल, माहेर-सासरच्यांची धडपड, रडून रडून आटलेले डोळे. टिळकांना जो प्रकाश दिसला, त्याच प्रकाशाने लक्ष्मीबाईंच्या घरात अंधार झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या मुलाला घेऊन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या. तरी चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. पुढे त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला तो स्वतःच्या विचाराने. माणसामाणसांत हा भेद केला कोणी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच शोधले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ हे मला मराठीतील सर्वांत खरे साक्षीचे पुस्तक वाटते, आणि त्याचे कारण लक्ष्मीबाईंनी कोठेही उपदेश केलेला नाही. टिळकांचा तापटपणा, त्यांचे पैसे उधळणे, त्यांचे प्रेम, मिशनऱ्यांचे गुणदोष, हिंदू नातलगांचा जिव्हाळा, आपले स्वतःचे वेडगळपण, सारे एकाच हसऱ्या, घरगुती मराठीत त्या सांगून जातात. जुना धर्म सोडताना जुन्या माणसांना त्यांनी सोडले नाही. म्हणूनच ज्या घरांत बायबल कधी उघडले गेले नाही, अशा हजारो मराठी घरांत ‘स्मृतिचित्रे’ प्रेमाने वाचले जाते. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनीच पुढे नेले होते.

येथे एका उणिवेचा उल्लेख केला पाहिजे. मी ज्यांची नावे घेतली ती सर्व लिहिता येणारी माणसे. अहमदनगरच्या परिसरात ज्या महार-मांग कुटुंबांनी गावेच्या गावे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, विशेषतः १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, त्यांच्या साक्षी फारशा छापल्या गेल्या नाहीत. त्या भजनांत आणि ख्रिस्ती कीर्तनांत गाइल्या गेल्या आणि विरल्या. त्यांच्याविषयी मिशनऱ्यांचे अहवाल बोलतात, टीकाकार बोलतात. ते स्वतः क्वचितच बोलताना दिसतात. ‘पावासाठी बाटलेले’ हा शेरा मारला जातो तो त्यांच्यावर, आणि तो मारताना त्यांना कोणी विचारलेले नसते.

आता त्या रविवारच्या संध्याकाळकडे येतो. सरांच्या आईंनी आम्हा चौघांपुढे चहा आणि चिवडा ठेवला. सरांनी प्रत्येकाला, घरी विचारून आलास ना, असे पुन्हा विचारले. मग ते म्हणाले : “माझे आजोबा नगरकडचे. दुष्काळात मिशनच्या कामावर गेले. भाकरीसाठी गेले नाहीत असे मी सांगणार नाही. भाकर मिळाली, हे खरे. पण गावच्या विहिरीवर त्यांना कोणी पाणी भरू देत नव्हते हेही खरे, आणि मिशनच्या मास्तराने त्यांना शेजारी बसवून अक्षरे गिरवायला लावली हेही खरे. यांतले कोणते कारण मोठे, ते मला सांगता येणार नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना दारात उभे केले नाही. ती माउली पुढे दोन वर्षांत वारली. तिचे दुःखही माझ्या साक्षीत धरले पाहिजे.” मग क्षणभर थांबून ते म्हणाले, “ही आजोबांची गोष्ट झाली. माझी एवढीच : माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा दोन वर्षे मी चर्चची पायरी चढलो नाही. एका रात्री वाचता वाचता असे वाटले की माझ्याइतकाच कोणीतरी माझ्यासाठी रडतो आहे. ते मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. जे झाले ते सांगितले. तुमचे तुम्ही पाहा.”

त्यांनी आम्हाला पुस्तक दिले नाही, प्रार्थनेला बसवले नाही, पुन्हा या असेही म्हटले नाही. आम्हा चौघांपैकी कोणीही ख्रिस्ती झाले नाही. पण ज्याने तो शेरा मारला होता तो त्या चौघांत होता, आणि जाताना तो सरांच्या पाया पडला. आज तो या सभेत बसलेला आहे. त्याची परवानगी घेऊनच हे सांगतो आहे.

पुढे ग्रंथांतून जे मला हळूहळू सापडले, ते सर्व त्या अर्ध्या तासात होते. बाबा पदमनजींचा उघडेपणा होता. रमाबाईंची स्वतःविरुद्ध बोलण्याची हिंमत होती. लक्ष्मीबाईंप्रमाणे मागे राहिलेल्याच्या दुःखाची नोंद होती. आणि आईवडिलांना विचारून या, या एका वाक्यात श्रीपतच्या खटल्यातील व शारदासदनाच्या वादातील शहाणपण होते. साक्षीदाराने आपले सांगून पिंजऱ्यातून खाली उतरावे. निकालाची घाई करू नये, आणि समोरच्याकडून निकाल मागूही नये.

आपले हे गाव मराठी-कानडीचे, मंदिर-मशिदी-बसदी-चर्चचे. येथे आपण एकमेकांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलो, पण एकमेकांच्या श्रद्धेची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकण्याची वेळ आपल्यावर फारशी आली नाही. बहुतेक वेळा आपण शेजाऱ्याचा निकाल आधी लावतो आणि साक्ष घेतच नाही. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना, समोरचा स्वतःविषयी बोलू लागला की शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय लागली, तर सरांच्या स्मृतीला याहून मोठी आदरांजली नाही, असे मला वाटते.